भरिताच्या हंगामात जाम होणारे स्क्रोल कॉम्प्रेसर

प्रश्न : आमची सावद्याला केळी पिकवण्याची खोली आहे. मे महिन्यात ४५ अंशांत कॉम्प्रेसर निभावला आणि डिसेंबरात एका सकाळी खडखड करून जाम झाला. साइट ग्लासमध्ये (तेलाची पातळी बघायच्या काचेत) तेल तर भरपूर दिसत होतं. मग बेअरिंग कशी गेली?

उत्तर : थंडीत भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की माझ्या टेबलावर असे स्क्रोल, म्हणजे दोन वेटोळ्यांमध्ये गॅस दाबणारे कॉम्प्रेसर, येऊ लागतात. उन्हाला सगळे घाबरतात, थंडीकडे कोणी बघत नाही. तुमच्या खोलीत १६ ते १८ अंश आणि बाहेर रात्री पारा १० वर. यंत्र बंद असलं की आतला गारवा देणारा गॅस सर्वांत थंड जागी जाऊन बसतो. त्या रात्री ती जागा म्हणजे बाहेरचा कॉम्प्रेसर. तिथे तो तेलात विरघळतो. पातळी उलट वाढलेली दिसते, पण ते निव्वळ तेल नसतं. सकाळी चालू करताच आतला दाब उतरतो, गॅस उकळतो आणि घुसळलेल्या ताकासारखा फेस होतो.

बेअरिंगपर्यंत तेल पोचवतो तो शाफ्टच. त्याच्या पोटात खालून वरपर्यंत, मध्यापासून जरा बाजूला, भोक असतं. शाफ्ट फिरला की तेल बाहेरच्या अंगाला दाबलं जातं, भोकाच्या भिंतीने वर चढतं आणि आडव्या छिद्रांतून बेअरिंगला मिळतं. हलती स्क्रोल जिच्यावर बसते त्या पिनची बेअरिंग सगळ्यात वर. फेस चढला तर तिथे तेलाचा थर धरतच नाही. नुकताच एक कापला : बुशचं अस्तर उडून खालचं कांस्य चमकत होतं, पिनवर नख अडकत होतं.

कॉम्प्रेसरच्या बुडातलं तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटर असेलच, पण रात्रभर लाइट नसेल तर तोही थंड. लाइट आल्या आल्या बटण दाबू नका. मोठ्या खंडानंतर आधी नुसता हीटर चालवा, जमलं तर १२ तास. केळी इतकी थांबत नाहीत, कळतं मला. म्हणून हीटर छोट्या इन्व्हर्टरवर घ्या, त्याला वीज फार लागत नाही. लिक्विड लाइनला (कंडेन्सरकडून द्रवरूप गॅस नेणाऱ्या नळीला) सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, हीही बसवा. लाइट गेली की तो मिटतो आणि निदान कंडेन्सरकडचा गॅस त्या वाटेने येत नाही.

प्रश्न : चोपड्याजवळ आमचं दूध शीतकरणाचं युनिट आहे. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटले आणि कॉम्प्रेसर चार-पाच मिनिटं उलटा फिरला. बेअरिंग कोरडी पडली असेल का?

उत्तर : बहुधा नाही, भाऊ. त्या भोकाला दिशेशी देणंघेणं नाही. शाफ्ट कसाही फिरला तरी तेल चढतं. मात्र उलटा स्क्रोल गॅस ढकलत नाही, मोटरला गार ठेवणारा गॅस तिच्यावरून वाहत नाही, त्यामुळे मोटर तापून ओव्हरलोड ट्रिप होतो. आवाज मोठा, अँपिअर कमी आणि गेजच्या सुया जागच्या जागी, असं दिसलं की लगेच बंद करून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा. फेज उलटले तर यंत्र चालूच होऊ न देणारा फेज रिले लावून टाका.

प्रश्न : धुळ्यात मी एसीची कामं करतो. आर-२२ या जुन्या गॅसच्या एसीचं मिनरल तेल उरलंय. ४१०-ए या गॅसच्या स्क्रोलमध्ये टॉपअपला चालेल?

उत्तर : नाही. ४१०-ए मध्ये ते नीट मिसळत नाही. कॉइलमध्येच साचून राहतं आणि परत येत नाही. कंपनीने सांगितलेलं पीओई (पॉलिओल एस्टर हे कृत्रिम तेल) घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं, तेव्हा पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा स्वस्तात मिळाला तरी नको. साठवायचं तेही पत्र्याच्या सीलबंद डब्यातच. प्लास्टिकमधूनही ओल आत शिरते.