वाचकांचे प्रश्न : गेमसाठी मॉनिटर घेताना

प्रश्न : मी भुसावळला रेल्वेत नोकरी करतो. घरातील साडेअठरा इंची मॉनिटर दहा वर्षे चालून यंदाच्या उन्हाळ्यात बंद पडला. मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने साठवलेल्या पैशांतून संगणकात आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड आधीच बसवून घेतले असून आता त्याला गेमिंग मॉनिटर हवा आहे. त्याच संगणकावर मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते आणि हिशेब मराठीत टंकतो, आणि आमचे नाना (माझे वडील, वय ७८) रोज सकाळी त्यावरच वर्तमानपत्रे वाचतात. जळगावला गोलाणी मार्केटमधील एका दुकानात आम्हाला तीन मॉनिटर दाखवले. पहिला २४ इंची, फुल एचडी, आयपीएस या प्रकारच्या पॅनेलचा (म्हणजे पडद्याचा), १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा. दुसरा २७ इंची, फुल एचडीच, पण वक्राकार आणि व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा, १६५ हर्ट्झचा, आणि खोक्यावर '१ मिलिसेकंद' असे ठळक छापलेला. तिसरा २७ इंची, २५६० × १४४० रिझोल्यूशनचा, आयपीएस, परंतु आमच्या पंधरा हजारांच्या अंदाजाबाहेर जाणारा. दुकानदाराचा आग्रह दुसऱ्यासाठी आहे, कारण 'अक्षरे मोठी दिसतील आणि गेमही भारी चालेल'. मुलगाही त्या वक्राकारावर भाळला आहे. आमचे टेबल दोन फूट खोल असून पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे आणि शेजारच्या खिडकीत कूलर आहे. काय घ्यावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : पहिला घ्यावा, दुसरा घेऊ नये, आणि तिसऱ्याचा विचार मुलगा येत्या वर्षभरात ग्राफिक्स कार्डही बदलणार असेल तरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल (चित्र बनवणारे ठिपके), मग पडदा २४ इंची असो वा २७ इंची. तेवढेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर पसरले की प्रत्येक पिक्सेल मोठा होतो आणि त्याबरोबर अक्षरही मोठे होते. परंतु मोठे झालेले अक्षर सुस्पष्ट झालेले नसते. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, २७ इंचीवर सुमारे ८२ आणि तुमच्या तिसऱ्या पर्यायात सुमारे १०९. इंग्रजी मजकुराला हा फरक फारसा जाणवत नाही, मराठीला जाणवतो, कारण आपल्या लिपीला एकाच ओळीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली मांडावे लागतात. विंडोजमध्ये १०० टक्के आकारावर १२ पॉइंटचा मजकूर १६ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसवला जातो, आणि एवढ्या उंचीत हा सारा प्रपंच उरकायचा असल्यामुळे 'ष्ट' की 'ष्ठ', 'द्ध' की 'द्घ' हे डोळ्यांना अंदाजाने ठरवावे लागते. इतिवृत्तात 'विरोध' आणि 'निरोध' यांची गल्लत झाली तर पुढच्या सभेत काय होते, हे तुम्हाला सांगायला नको.

नानांसाठी उपाय पडदा मोठा घेणे हा नसून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये आकार १०० वरून १२५ टक्के करणे हा आहे. असे केले की तेच अक्षर १६ ऐवजी २० पिक्सेलमध्ये रेखले जाते. २४ इंची पडद्यावर ते साधारण साडेपाच मिलिमीटर उंचीचे होते, म्हणजे दुकानदाराच्या २७ इंची पडद्यावरील १०० टक्के आकाराच्या अक्षरापेक्षा मोठेही आणि अधिक रेखीवही. पडद्यावर एका वेळी मावणारा मजकूर त्यामुळे थोडा कमी होतो, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही.

आता गेम. खोक्यावरच्या '१ मिलिसेकंद' या आकड्यावर, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणाऱ्या वेळेच्या दाव्यावर, मुळीच विसंबू नये. तो दोन प्रकारे मिळवलेला असतो. एक तर पिक्सेलवर जादा व्होल्टेज देऊन, ज्यात हलणाऱ्या वस्तूमागे उलट्या रंगाची फिकट कड उमटते. नाहीतर मागचा प्रकाश क्षणोक्षणी विझवून, ज्यात पडदा काळवंडतो आणि बहुतेक मॉनिटरमध्ये त्याच वेळी अडॅप्टिव्ह सिंक ही सोय (तिच्याविषयी पुढे) वापरता येत नाही. व्हीए पॅनेलचे गुण खरे आहेत. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या रंगाच्या उजेडाचे प्रमाण, सुमारे ३०००:१ असतो, तर साध्या आयपीएसचा १०००:१ च्या आसपास, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहताना काळा रंग व्हीएवरच खरा काळा दिसतो. मात्र स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून करड्याकडे जाणारे पिक्सेल मंद असतात, आणि रात्रीच्या दृश्यात कॅमेरा वळवला की सावल्यांचे ओघळ पडद्यावर रेंगाळतात. नेमबाजीच्या गेममध्ये शत्रू सावलीतच दबा धरून बसतो, ही गोष्ट चिरंजीवांना सांगितली तर वक्राकाराचा मोह कदाचित आपोआप ओसरेल. शिवाय त्या पडद्यासमोर एकच माणूस मधोमध बसणार असेल तर वक्राकाराला अर्थ. नाना खुर्चीत आणि तुम्ही शेजारी उभे, अशा घरात रंग आणि उजेड बाजूनेही सारखे दिसणारे आयपीएस अधिक सोयीचे.

हर्ट्झच्या आकड्याचे गणित एकदा समजून घेतले की त्याची भुरळ कमी होते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवे चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी, ही जवळजवळ दहा मिलिसेकंदांची बचत माउस हलवताच हाताला कळते, अगदी वर्तमानपत्राचे पान सरकवतानाही कळते. १४४ वरून १८० वर गेल्यास मात्र सव्वा-दीड मिलिसेकंदच वाचतो. म्हणून १८० आणि १६५ या आकड्यांवरून भांडण्यात हशील नाही. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये तुमचे कार्ड फुल एचडीवर सेकंदाला १४४ हून अधिक चित्रे सहज देऊ शकेल, परंतु कथानक असलेल्या जड गेममध्ये ते साठाच्या आसपास घुटमळेल. तेथे उपयोगी पडते ते अडॅप्टिव्ह सिंक, म्हणजे कार्डाकडून चित्र तयार होईल तेव्हाच पडद्याने ते दाखवण्याची सोय. ही नसेल तर चित्र मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसते. खोक्यावर फ्रीसिंक हे एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या अडॅप्टिव्ह सिंकचे नाव आहे म्हणून तुमच्यासारखे एनव्हिडियाचे कार्ड असलेल्याने बिचकू नये; जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या १० मालिकेतील आणि त्यापुढील कार्डांवर असे मॉनिटर चालतात.

तिसऱ्या पर्यायाला मी नकार देतो तो याच कार्डामुळे. २५६० × १४४० म्हणजे फुल एचडीच्या पावणेदोन पटींहून अधिक पिक्सेल, आणि ते ओढण्याचे बळ ३०५० मध्ये जड गेमपुरते नाही. एलसीडी पडद्याचे पिक्सेल ठरलेले असल्याने गेमचे रिझोल्यूशन कमी करून खेळावे तर चित्र धूसर होते, म्हणजे जादा पैसे मोजून गेमपुरते चित्र मात्र पहिल्या पर्यायापेक्षाही मऊ. मजकुरासाठी तो पडदा तिघांत उत्तम आहे हे मान्य करतो, आणि मुलगा गेम खेळत नसता तर पैसे जमवून तोच घ्या असे लिहिले असते. त्यातून तुमचे टेबल दोनच फूट खोल. स्टँडची जागा सोडली की डोळे आणि पडदा यांत पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर अंतर उरते, आणि सुमारे साठ सेंटिमीटर रुंदीचा २७ इंची पडदा एवढ्या जवळून पाहताना मान सतत वळवावी लागते.

जुना मॉनिटर उन्हाळ्यातच का गेला, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले असते, आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंश ओलांडतो. दुपारनंतर तापलेली पश्चिमेची भिंत त्यात भर घालते. मॉनिटरमधील विद्युतपुरवठ्याच्या पट्टीवर जे कपॅसिटर असतात, त्यांचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे. तेव्हा टेबल पूर्वेच्या किंवा आतल्या भिंतीला हलवावे, पडद्यामागे वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि उजेड शंभर टक्क्यांवरून खोलीला साजेल इतका खाली आणावा. कूलरचा झोत पडद्यावर थेट येऊ देऊ नये, कारण त्या हवेतील ओलावा आणि तापीकाठची बारीक धूळ मिळून जाळीच्या भोकांतून आत लेप चढवतात. हे सारे मी स्वतःच्या घरात एक मॉनिटर गमावल्यानंतर शिकलो आहे.

पहिल्या पर्यायामुळे जी रक्कम वाचेल ती यूपीएसवर खर्च करावी, आणि मॉनिटरची पिनही यूपीएसलाच लावावी. कित्येक घरांत सीपीयू यूपीएसवर आणि मॉनिटर भिंतीच्या सॉकेटवर असतो. वीज गेली की संगणक चालू राहतो, पण समोर अंधार असल्यामुळे इतिवृत्त जतन करता येत नाही. २४ इंची एलईडी मॉनिटरला वीसतीस वॅटच लागतात, त्याचे यूपीएसला ओझे नाही.

जोडणी करताना केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डलाच, आणि शक्यतो डिस्प्लेपोर्टने लावावी. त्यानंतर विंडोजच्या 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन १८० हर्ट्झ निवडावे, कारण मुळात बरेचदा ६० च ठेवलेले असते आणि लोक वर्षानुवर्षे गेमिंग मॉनिटर साध्यासारखा वापरत राहतात. तुम्ही किंवा नाना दोन भिंगांचा चष्मा वापरत असाल, तर पडदा नेहमीपेक्षा थोडा खाली ठेवावा, अन्यथा खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकून वाचावे लागते.

दुकानात शेवटचा प्रश्न एकच विचारावा : वॉरंटीत बिघाड झाला तर माणूस भुसावळला येईल, की मॉनिटर आम्ही जळगावला किंवा नाशिकला न्यायचा? न्यायचा असल्यास खोके आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावे.

प्रश्न : घरी ३२ इंची टीव्ही पडून आहे. तोच मॉनिटर म्हणून वापरला तर चालणार नाही का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : टीव्हीच्या मागील लेबलवरून किंवा माहितीपुस्तिकेतून त्याचे रिझोल्यूशन आधी पाहावे. ३२ इंची टीव्हींपैकी बरेच १३६६ × ७६८ पिक्सेलचे असतात, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ पिक्सेल. सोफ्यावरून सिनेमा पाहायला ते पुरते, हातभर अंतरावरून हिशेबाचा तक्ता वाचायला नाही. टीव्ही फुल एचडी किंवा त्यावरचा असेल तर कामचलाऊ म्हणून वापरता येईल, मात्र सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करावा. टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात ते उशिरा दाखवतो आणि माउसचा बाण हाताच्या मागे-मागे फिरतो. तो उशीर या मोडने बराच कमी होतो. काही टीव्हींत एचडीएमआय जोडणीचे नाव बदलून 'पीसी' केले की रंगीत अक्षरांच्या कडांवरील ओघळही नाहीसा होतो. पैसे न खर्चता करून पाहण्याजोगे एवढेच आहे. गेम गंभीरपणे खेळणाऱ्याने मात्र टीव्हीच्या मागे लागू नये.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या मॉनिटरवर डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका कायम पेटलेला दिसतो. परत करता येईल का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : परतीची मुदत संपली नसेल तर आजच परत करावा, कंपनीच्या सेवा केंद्राकडे जाण्याची वाट पाहू नये. विक्रेत्याकडे परतीच्या मुदतीत बहुधा फारशी चौकशी होत नाही, पण कंपनीच्या वॉरंटीत असे किती ठिपके 'चालतील' याची मर्यादा लिहिलेली असते, आणि एका ठिपक्यावर अनेक कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत. पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे चित्र आळीपाळीने पडद्यावर लावून प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. ठिपका काळ्यावर हिरवा दिसत असेल तर तो अडकलेला पिक्सेल आहे, आणि सर्व रंगांवर काळाच दिसत असेल तर मेलेला. त्यावर बोटाने दाबून पाहण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. तो ऐकू नये, कारण पॅनेलवर दाबाची खूण उमटली की परतीचा हक्कच जातो.

विक्रेत्याने मुदतीत असूनही नकार दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने न भागल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येत असल्यामुळे विक्रेत्याच्या गावी जावे लागणार नाही, जळगावचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. त्यासाठी पावती, छायाचित्रे आणि विक्रेत्याशी झालेला लेखी व्यवहार तारखेनिशी जपून ठेवावा.