धमनीच्या भिंतीतला रेसिड्युअल स्ट्रेस मॉडेलमध्ये आणायचा कसा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सीटी स्कॅनवरून पोटातल्या महाधमनीचं मॉडेल तयार आहे, १२० मिमी पाऱ्याचा दाब दिला की आतल्या कडेला स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचा आतला जोर) अवाच्या सवा येतो, गाइड म्हणतात "रेसिड्युअल स्ट्रेस घाला" (दाब नसतानाही भिंतीत उरणारा स्ट्रेस), आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये ते बटण शोधताय. शिवाय होल्झॅपफेल, गासर आणि ऑग्डेन यांच्या २००० सालच्या पेपरातला १६० अंशांचा ओपनिंग अँगल (कापलेली कडी किती उघडते तो कोन) तसाच उचलला तर चालेल का, हेही विचारलंय.

बटण नाही. आणि तो कोन उचलू नका. ते मॉडेल सशाच्या मानेतल्या कॅरॉटिडचं आहे, तुमच्याकडे माणसाची पोटातली महाधमनी आहे.

मी या विषयात आलो तो प्रेशर व्हेसलमधून. आपल्या बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत काम केलेल्या कुणालाही ऑटोफ्रेटाज सांगावं लागत नाही: जाड सिलिंडरला आधी मुद्दाम जादा दाब द्यायचा, आतला थर कायमचा ताणला जातो, दाब सोडला की बाहेरचा थर त्याला आवळून धरतो. मग कामाचा दाब आला तरी आतल्या कडेवर भार कमी पडतो. धमनीत हेच वाढीतून घडतं. पोलादात निदान भोक पाडून स्ट्रेन गेजने मोजता तरी येतं. रुग्णाच्या धमनीत ती सोय नाही, आणि स्कॅनमध्ये फक्त आकार येतो, स्ट्रेस येत नाही. म्हणून तुम्ही जे काही घालाल ते कुठल्या तरी गृहीतकावरच उभं असेल. ते गृहीतक कोणतं हे प्रबंधात स्पष्ट लिहा. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल.

धमनी उभी चिरली की ती उलगडते, हे बर्गेल यांनी १९६० मध्येच नोंदवलं होतं. त्याचं महत्त्व मात्र १९८३ च्या सुमारास वैष्णव-वोसूघी आणि फंग यांच्या कामातून पुढे आलं, आणि १९८६ मध्ये चुओंग व फंग यांनी हिशेब मांडला. दाब नसलेली कडी एका बाजूने कापायची, ती उघडून चाप होते, त्या चापेला स्ट्रेसमुक्त मानायचं.

आता हातानेच एक हिशेब करा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. कडीची आतली त्रिज्या १० मिमी, जाडी १.५ मिमी. कापल्यावर समजा २४० अंशांची चाप उरली. मधल्या थराची लांबी तीच राहिली असं धरलं तर चापेची मधली त्रिज्या सुमारे १६.१ मिमी येते. म्हणजे बंद कडीत आतली कड मूळ लांबीच्या ०.९७६ पट दबलेली आणि बाहेरची १.०२२ पट ताणलेली. जेमतेम अडीच टक्के! स्ट्रेसमध्ये हे काही किलोपास्कल, तर १०० मिमी पाऱ्याला, म्हणजे १३.३ किलोपास्कलला, लाप्लासच्या सूत्राने भिंतीतला सरासरी स्ट्रेस ८९ किलोपास्कलच्या आसपास येतो. इथेच बरेच जण "नगण्य" म्हणून सोडून देतात.

पण पुढे जा. ही कडी फुगून आतली त्रिज्या १३ मिमी झाली, लांबी बदलली नाही आणि भिंतीचं आकारमान कायम राहिलं असं धरा. रेसिड्युअल स्ट्रेस नसेल तर आतला ताण (मूळ लांबीच्या किती पट) १.३० पट आणि बाहेरचा १.२३ पट. आधीचे अडीच टक्के हिशेबात घेतले की आत १.२७, बाहेर १.२६. फरक जवळजवळ पुसला गेला. धमनीचा पदार्थ ताणाबरोबर झपाट्याने कडक होत जातो, कोलॅजनच्या तंतूंमुळे हे नातं एक्स्पोनेन्शियल असतं. म्हणून ताणातल्या सात टक्क्यांच्या फरकातून आतल्या कडेचा स्ट्रेस कितीतरी वर चढतो. तुमच्या मॉडेलमधल्या आतल्या कडेची, जादा स्ट्रेसची लाल पट्टी याचीच असावी. मेश (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटची जाळी) दुप्पट बारीक केलात तरी ती जाणार नाही.

ओपनिंग अँगलमधला एक सापळा सांगून ठेवतो. फंग यांच्या पद्धतीत चापेच्या आतल्या कडेच्या मध्यबिंदूपासून दोन टोकांकडे रेषा काढून त्यांमधला कोन मोजतात. होल्झॅपफेल मंडळींच्या २००० च्या पेपरात ३६० मधून चापेचा कोन वजा केलेला आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या पद्धतीने ६० अंश आणि दुसऱ्या पद्धतीने १२०. कडी तीच, कोन दुप्पट. पेपरातला आकडा घेण्याआधी त्यातली आकृती पाहा, नुसता तक्ता नको.

तुमच्या प्रश्नात आणखी एक गुंता आहे. स्कॅन काढला तेव्हा धमनीत रक्ताचा दाब होताच. म्हणजे तुमचा आकार आधीच फुगलेला आहे, आणि तुम्ही त्याच्यावर परत १२० चा दाब चढवताय. हा प्रीस्ट्रेसचा प्रश्न, रेसिड्युअलचा नव्हे. रेसिड्युअल म्हणजे दाब शून्य झाल्यावरही भिंतीत उरतो तो. आधी प्रीस्ट्रेस निस्तरा: स्कॅनचा आकार दाबमुक्त आहे असं तात्पुरतं धरा, फुगवा, प्रत्येक नोड (मेशचा बिंदू) स्कॅनपासून किती पुढे गेला ते पाहा, तेवढा त्याला मागे ओढा, परत फुगवा. आकार जुळेपर्यंत हेच. काही फेऱ्यांत सहसा जुळतं. मऊ पदार्थ आणि वाकडीतिकडी भूमिती असेल तर अडखळतं, तेव्हा दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा.

त्यानंतर रेसिड्युअल. सुरुवातीला स्ट्रेसचे आकडे भरून चालत नाही, कारण हायपरइलॅस्टिक (रबरासारख्या, खूप ताणूनही परत येणाऱ्या) पदार्थात स्ट्रेस एकूण विकृतीवरून निघतो. तो विकृतीच्या वाटेनेच आत यायला हवा. सरळ नळी असेल तर उघडी चाप घेऊन ती मिटवा, टोकं जोडा, मग दाब द्या. रुग्णाच्या खऱ्या आकारात अशी चाप मिळत नाही. तिथे रॉड्रिग्ज, होगर आणि मॅककुलक यांनी १९९४ मध्ये वाढीसाठी मांडलेली पद्धत घ्या: एकूण विकृती म्हणजे लवचीक भाग आणि वाढीचा भाग यांचा गुणाकार. वाढीचा भाग ठरवायला मी ताकामिझावा आणि हायाशी यांचं १९८७ चं समान-स्ट्रेन गृहीतक वापरीन, म्हणजे नेहमीच्या दाबाला भिंतीच्या जाडीत परिघाच्या दिशेचा स्ट्रेन (ताणलं जाण्याचं प्रमाण) सगळीकडे सारखा. हे घातल्यावर दाबमुक्त आकार थोडा बदलतो, म्हणून मघाची फेरी पुन्हा चालवा. फेबायो या सॉफ्टवेअरमध्ये प्रीस्ट्रेनची (आधीपासूनचा ताण घालण्याची) सोय आहे. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये होल्झॅपफेल मंडळींचं पदार्थाचं मॉडेल तयार मिळतं, पण वाढीचा भाग सबरूटीनमध्ये लिहावा लागेल.

मग मॉडेल तपासायचं कसं? संगणकावरच कापून. दाब काढा, एक कडी वेगळी करा, एका रेषेवरचे नोड सोडवा आणि ती किती उघडते ते पाहा. माणसाच्या त्याच भागातल्या, साधारण त्याच वयाच्या मोजमापांशी ते जुळलं तर ठीक. वयाबरोबर महाधमनीचा हा कोन वाढतो, त्यामुळे वय महत्त्वाचं. न जुळल्यास कोन जुळवण्यासाठी पदार्थाचे स्थिरांक ओढाताण करून बदलू नका. आधी अक्षीय ताण तपासा. शरीरातून काढली की धमनी लांबीतही आखडते, आणि बहुतेक विद्यार्थी हाच ताण विसरतात.

एवढं करूनही एका कापाने सगळा स्ट्रेस सुटतो हे खरं नाही. २००७ मध्ये होल्झॅपफेल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या महाधमनीचे तीन थर वेगळे करून पाहिले: बाहेरची अ‍ॅडव्हेंटिशिया उघडून जवळपास सपाट झाली, आतली इंटिमा थोडीशीच उघडली, आणि मधली मीडिया सपाटीच्याही पलीकडे उलटी वळली. म्हणजे थर एकमेकांना धरून ठेवत होते. तुम्ही एम.ई.च्या पातळीवर एकथरी मॉडेल करताय, ते पुरेसं आहे. मर्यादा म्हणून हा परिच्छेद लिहून टाका.

शक्य असेल तर एकदा स्वतः कडी कापून बघा. खाटकाकडे सकाळी लवकर गेलात तर बकऱ्याची महाधमनी ताजी मिळते. ती ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ठेवा, आडव्या कड्या कापा, मग प्रत्येक कडीला एक उभा काप. लगेच फोटो काढू नका. कडी हळूहळू उघडत राहते, अर्धा तास द्या, आणि पाण्यात तरंगतानाच वरून फोटो घ्या, बशीत टेकली की घर्षणाने अडते. आणि उरलेलं भाड्याच्या घराच्या फ्रीजमध्ये ठेवू नका, बडोद्यात घरमालक संध्याकाळच्या आत सामान बाहेर काढेल.

एलिमेंटबद्दल शेवटी विचारलंत: हायब्रीडच (दाब वेगळा सोडवणारे) घ्या, पदार्थ जवळजवळ असंपीड्य आहे, म्हणजे दाबून आकारमान घटत नाही, साधे एलिमेंट अडकतील, खोटे कडक वागतील. जाडीत एलिमेंटचे किमान पाच-सहा थर ठेवा, नाहीतर दोन्ही कडांमधला फरक मेशच खाऊन टाकेल.