फायनल फॅन्टसी आता पहिल्यासारखी का वाटत नाही?

तुम्ही विचारलंय की फायनल फॅन्टसी या व्हिडिओ गेम मालिकेचा दहावा भाग संपवून थेट सोळावा सुरू केला, तर भलतीच मालिका हाती आल्यासारखं वाटलं. हे का झालं, आणि जुन्या पद्धतीचं काही पुन्हा मिळेल का? मी शाळेत असल्यापासून ही मालिका खेळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही मालिका एका जागी कधीच थांबलेली नाही. हिरोनोबू साकागुची यांचा पहिला भाग 1987 साली आला आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात लेव्हल वाढण्याची पद्धतच काढून टाकली होती. तलवार जितकी चालवाल तितका तलवारीवर हात बसणार, असा हिशेब. चौथ्यात (1991) हिरोयुकी इतो यांनी एटीबी (अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल) ही लढाईची पद्धत आणली. प्रत्येक पात्राची वेळेची पट्टी भरत जाते, आणि तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू तुमच्यासाठी ताटकळत नाही. त्यामुळे ‘बदलली म्हणून बिघडली’ हे मला पटत नाही. वेग तर 1991 पासूनच आहे.

माझ्या मते हरवलंय ते वेगळंच. एकाच वेळी तिघाचौघांच्या वतीने विचार करायचा, ते.

दहाव्या भागातली लढाई आठवून बघा. पडद्याच्या उजव्या कडेला पुढे कोणाचा टर्न (म्हणजे पाळी) आहे याची यादी असायची. उडणारा शत्रू आला की वाक्काचा चेंडू, कवचवाला आला की ऑरॉनची तलवार, लिबलिबीत फ्लॅन आला की लुलूची जादू. लढाई चालू असताना कोणालाही आत घ्या, कोणालाही बाहेर काढा. कंट्रोलर मांडीवर ठेवून मी एकेका चालीवर पाच-पाच मिनिटं घालवली आहेत. बुद्धिबळात घोडा काढावा की उंट, असा विचार करतो ना, अगदी तसा.

बारावा भाग (2006) तुम्ही खेळला नसेल तर जरूर खेळा. त्यात गँबिट होते. प्रत्येक सोबत्याला आधीच नियम लिहून द्यायचे : कोणाचा एचपी (जीव) अमुक टक्क्यांच्या खाली गेला तर बरं करणारी क्युअर जादू, शत्रू आगीला कच्चा असेल तर आगीची फायर. नियमांचा क्रम चुकला की आपला वैद्य मरणाऱ्याला सोडून तलवार चालवत बसायचा, आणि चूक शंभर टक्के आपली असायची. हात रिकामे, पण डोक्याला भरपूर काम. मला अख्ख्या मालिकेत ही रचना सगळ्यात जास्त आवडते.

तेराव्यापासून (2009) लगाम सुटत गेला. तिघांच्या भूमिका एका बटणात बदलता यायच्या, पण हुकूम फक्त म्होरक्याला. तो पडला की बाकीचे दोघे धडधाकट उभे असूनही खेळ खलास. पंधराव्यात (2016) सुरुवातीला फक्त नायक नॉक्टिस आपल्या हातात होता, बाकी तिघे नंतरच्या अपडेटने हाती आले. आणि सोळाव्यात (2023) नायक क्लाइव्ह एकटाच. त्याची सोबती जिल शेजारी उभी राहून लढते, पण तिला काहीच सांगता येत नाही. आपलं ऐकतो तो फक्त टॉर्गल, म्हणजे कुत्रा.

हे ठरवून केलेलं आहे. सोळाव्याचे निर्माते नाओकी योशिदा यांनी मुलाखतींत सांगितलंय की बटण दाबताच पात्र हलतं अशा खेळांवर वाढलेल्या पिढीला मेन्यूतून हुकूम देणं ओढत नाही. लढाईचं काम त्यांनी ‘डेव्हिल मे क्राय 5’ या हाणामारीच्या खेळावर काम केलेल्या र्योटा सुझुकींकडे दिलं, आणि तलवारबाजी म्हणून ती खरोखर उत्तम आहे. पण तरुणांना टर्न नकोत, हे मला मान्य नाही. त्याच 2023 मध्ये ‘बाल्डर्स गेट 3’ हा पूर्ण टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाल करायचा खेळ द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला. सेगाची ‘याकुझा’ मालिका तर 2005 पासून हाणामारीची. 2020 मध्ये तिचा मुख्य भाग टर्न-बेस्ड झाला आणि त्याने नवे चाहते जोडले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मालिकेतच आहे : सातव्या भागाची नवी आवृत्ती. ‘रीमेक’ (2020) आणि ‘रीबर्थ’ (2024), याच क्रमाने खेळा. मारामारी धावती आहे, पण मारता मारता एटीबीची पट्टी भरते, आणि मेन्यू उघडलात की काळ जवळजवळ थांबतो. त्या क्षणात क्लाउडला सोडून बॅरेटकडे जा, एरिथला बरं करायला सांगा, टिफाला पुढे धाडा. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मला दहाव्या भागातली तीच जुनी लगबग डोक्यात जाणवली. तिसरा भाग तयार होतोय, त्याची मी मनापासून वाट पाहतोय.

सोळावा मात्र अर्धवट सोडू नका. बोटं चालत नसतील तर सुरुवातीलाच मिळणाऱ्या ‘टाइमली’ अंगठ्या घाला, शत्रूचे वार चुकवणं आणि आपले वार जोडणं त्या सांभाळतात. मग निदान टायटन या महाकाय शत्रूच्या लढाईपर्यंत जा. इतकी प्रचंड लढाई मी या मालिकेत दुसरी पाहिलेली नाही.