मार्गो म्हणजे साबण नव्हे, मोती!

प्रश्न: माझी भाची फ्रान्सला असते, जावई तिकडचाच. तिला मुलगी झाली, नाव ठेवलंय मार्गो. माझी आई रुसून बसलीय, म्हणते पणतीला साबणाचं नाव ठेवतात का कुणी? त्यात स्पेलिंगमध्ये शेवटी ए यू एक्स, आणि तो एक्स कुणी म्हणतच नाही. नेमका अर्थ काय? पुढच्या महिन्यात बारसं आहे. – एक मावशी, सातारा

उत्तर: मावशी, आधी आजींचा रुसवा काढू. साबणातला मार्गो कडुनिंबातला, कडुनिंबाला मार्गोसा म्हणतात ना, तो पोर्तुगीज अमार्गोसावरून आला, म्हणजे कडू. तुमच्या नातीचं नाव त्या घरचंच नाही. ते मार्गरीत या जुन्या फ्रेंच नावाचं लाडाचं रूप, आणि मार्गरीत म्हणजे मोती! ग्रीकमध्ये मोत्याला मार्गारीतेस म्हणायचे, आणि ग्रीकांनी तो शब्द घेतला इराणकडून, फारसीत आजही मोती म्हणजे मरवारीद. युनानी औषधांच्या दुकानात खमीरा मरवारीद या औषधाची डबी मिळते बघा, तोच मरवारीद. म्हणजे नाव पॅरिसचं वाटतं पण त्याचं मूळ आपल्या शेजारचं, मला तर हे फारच आवडतं.

आणि बेकरीवाले वापरतात ते मार्जरीन, तेही ह्याच गोतावळ्यातलं. शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टला १८१३ मध्ये चरबीतून मोत्यासारखी चमकणारी एक गोष्ट मिळाली म्हणून त्याने तिला मोत्याचं ग्रीक नाव दिलं, पुढे १८६९ मध्ये लोण्याला स्वस्त पर्याय निघाला त्यालाही तेच नाव चिकटलं.

फ्रान्समध्ये मार्गरीत म्हटलं की लोकांना आधी फूल आठवतं, डेझी, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळं. पोरी एकेक पाकळी तोडत म्हणतात, त्याचं माझ्यावर प्रेम आहे, थोडं, खूप, जिवापाड, वेड्यासारखं, अजिबात नाही, आणि शेवटच्या पाकळीला जे येईल ते खरं.

आता एक्सचं. जुनं स्पेलिंग टी लावून, तोही मुकाच. १५७२ मध्ये जिचं लग्न पुढे चौथा हेन्री झालेल्या राजाशी लागलं ती मार्गरीत द व्हालवा, तिला लोक राणी मार्गोच म्हणतात. एक्सवालं स्पेलिंग बोर्दोजवळच्या मार्गो गावाचं, तिथली वाइन जगभर प्रसिद्ध आहे. उच्चार दोन्हीचा एकच, त्यामुळे एक्स म्हणायच्या भानगडीत पडू नका.

फ्रेंच कॅलेंडरात रोजच्या तारखेला एकेका संताचं नाव छापलेलं असतं, १६ नोव्हेंबर मार्गरीतचा, त्या दिवशी नातीला आवर्जून फोन करा. आणि बारशाला पाळण्यातलं नाव मुक्ता ठेवा, मुक्ता म्हणजे मोतीच की, कानात कुर्र करताना आजींनाच पुढे करा.