वाचकांचे प्रश्न : फाटकाची मोटर आणि कोकणचा पाऊस

प्रश्न : चिपळुणात आमचे बैठे घर आहे. अंगणाला १४ फूट रुंदीचे लोखंडी सरकते गेट असून त्याचे वजन सुमारे ३५० किलो भरेल, असे फॅब्रिकेटर सांगतो. पत्नीचे गुडघे दुखतात, म्हणून गेटला मोटर बसवावी असे मनात आहे. मात्र पावसाळ्यात येथे वीज वारंवार जाते आणि जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या अंगणात कमरेइतके पाणी होते. कोणती मोटर घ्यावी आणि ती टिकवावी कशी?

उत्तर : मोटरची चौकशी करण्याआधी गेटची परीक्षा घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गेट एका हाताने, धक्का न देता, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकले पाहिजे आणि मध्येच सोडून दिले तर आपोआप कोणत्याही बाजूला न घरंगळता जागीच उभे राहिले पाहिजे. ते कुठे अडकत असेल, तर चाकांचे बेअरिंग गेलेले असते किंवा रूळ वाकलेला असतो, आणि हा दोष मोठ्या ताकदीच्या मोटरने झाकला तर वर्षा-दोन वर्षांत मोटरचेच दाते झिजतात. रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के लोखंडी अडथळे हवेतच, कारण गेट टोकाला पोचताच मोटर थांबवणारा लिमिट स्विच एखाद्या दिवशी चुकला, तर एवढे जड गेट रुळावरून उतरून माणसाच्या अंगावर पडू शकते.

आपल्या वजनाला ६०० किलो क्षमतेची मोटर योग्य ठरेल. कागदावरची क्षमता चांगल्या रुळावरच्या गेटसाठी धरलेली असते, म्हणून ती गेटच्या वजनाच्या दीडपट तरी असावी. थेट २३० व्होल्टवर चालणारी मोटर स्वस्त पडते, पण वीज गेली की ती थांबते; आपल्याकडची परिस्थिती पाहता २४ व्होल्टची, बॅटरीसह येणारी मोटर घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हा खर्च आधीच हिशेबात धरा. बॅटरीही उतरली तर चावीने मोटर मोकळी करून गेट हाताने सरकवता येते. ती चावी कशी फिरवायची, हे विशेषतः आपल्या पत्नीला बसवणाऱ्याकडूनच शिकवून घ्या. मोटर आतल्या बाजूला असते, त्यामुळे सगळेच बाहेर असताना ती बंद पडली तर घरात शिरता येत नाही. कुंपणात वेगळे लहान दार नसेल, तर ते आधी करून घ्यावे.

पुराचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक सरकत्या गेटांच्या मोटरमध्ये नियंत्रण बोर्ड, म्हणजे मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, खालच्या डब्यातच असतो आणि तो एकदा पाण्यात बुडाला की सहसा वाचत नाही. म्हणून बोर्ड व बॅटरी वेगळ्या पेटीत बसवता येतील असे मॉडेल मागा आणि ती पेटी २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर भिंतीवर लावा. मोटरखाली काँक्रीटचा वीतभर उंच ओटा केल्यास रोजचे साचणारे पाणी टळेल. महापुराला मात्र तो पुरणार नाही, त्यामुळे नदीची पातळी वाढू लागल्याचा इशारा मिळताच एमसीबी बंद करून, बॅटरीची वायर काढून, मोटर चावीने मोकळी करावी, आणि वेळ असेल तर बोल्ट काढून ती उचलून वर ठेवावी. अर्थिंग आणि विजेच्या कडकडाटापासून बोर्ड वाचवणारे सर्ज प्रोटेक्शन यांवर काटकसर करू नका.

फोटोसेल, म्हणजे गेटच्या वाटेत अदृश्य किरण सोडणारा सेन्सर, ही ऐच्छिक वस्तू समजून अनेकजण वगळतात, याचे मला फार वाईट वाटते. गेट बंद होताना मध्ये मूल आले तर किरण तुटून गेट मागे फिरावे, यासाठीच तो असतो. जमिनीपासून साधारण दीड फुटावर तो बसवा आणि दर महिन्याला गेट बंद होत असताना मध्ये काठी धरून पाहा. गेट थांबले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ते हातानेच चालवा.

देखभाल फार नाही, पण ती वेळेवर हवी. मे महिन्यात रुळातली माती व पाला काढावा आणि चाकांची बेअरिंग तपासावीत. गेटला जोडलेल्या आणि मोटरचे चाक जिच्यात अडकून गेट ओढते त्या दातेरी पट्टीला ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ-वाळू चिकटून दाते घासले जातात. ती कोरड्या ब्रशने साफ करणे पुरेसे असते. पट्टी आणि मोटरचे दातेरी चाक यांत एक-दोन मिलिमीटर फट राहिली आहे ना, तेही पाहावे, कारण चाके झिजली की गेट खाली बसते आणि त्याचा सगळा भार मोटरवर येतो. बोर्डाच्या पेटीत वायर जाणारी भोके बंद करून घ्यावीत. मुंग्या आणि पाली तेथूनच आत शिरतात आणि बोर्ड जाळतात.

प्रश्न : आमची २३० व्होल्टची मोटर रिमोट दाबल्यावर गुणगुणते, पण गेट हलत नाही. मोटर जळाली असेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रथम चावीने मोटर मोकळी करून गेट हाताने सरकते का ते पाहा. सहज सरकत असेल, तर बहुधा मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर कमजोर झालेला आहे. हा सुटा भाग मोटरच्या मानाने अगदी स्वस्त असतो. वीज बंद केल्यानंतरही त्यात विद्युतभार राहू शकतो, म्हणून तो स्वतः न काढता वायरमनकडून त्याच मापाचा बदलून घ्यावा.