पुणे जिल्ह्यात भोवत्यांची (हॅरियर, एक शिकारी पक्षी) मोजणी दिवसा गाडीने फिरून करता येईल का?

अंदाज येईल, आकडा नाही. हे हिवाळी पाहुणे दिवसभर माळावर खूप दूरवर फिरतात. सकाळी सुप्याला दिसलेलाच पक्षी दुपारी दुसऱ्या माळावर पुन्हा मोजला जाईल.

त्यांची खरी मोजणी संध्याकाळी होते. हे शिकारी पक्षी झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर, एकत्र रात्र काढतात. आधी अशा जागा शोधा. त्यासाठी त्या भागातल्या धनगरांना विचारा, नकाशापेक्षा ते कामाला येतात. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकच संध्याकाळ ठरवून सगळ्या ठिकाणी माणसं बसवा. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून अंधार पडेपर्यंत, गवताबाहेरून मोजा. आत शिरलात तर थवा उठेल. एकही पक्षी आला नाही तरी शून्य लिहा. लोक नेमका हा शून्यच गाळतात.

माँटेग्यू आणि पांढुरका या दोन जातींच्या भोवत्यांचे नर ओळखू येतात. माद्या आणि कमी वयाचे पक्षी मात्र मावळत्या उजेडात भल्याभल्यांना चकवतात, तेव्हा ‘अनिश्चित’ असा वेगळा रकाना ठेवाच.

आणि मुक्कामाच्या जागा फेसबुकवर टाकू नका, कॅमेरेवाले गवत तुडवतात.