महालक्ष्म्यांचं जेवण कसं करावं? (कोरोनाच्या साथीच्या काळातलं प्रश्नोत्तर)

प्रश्न : ताई, आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दरवर्षी अर्धी आळी जेवते. यंदा कोरोना, आणि पुण्याहून दीर-जाऊ येतो म्हणतात. सासूबाई सत्तरीच्या, त्यांना शुगर. काय करू?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : महालक्ष्म्या बसवाच, पंगत मात्र नको. जेवताना मास्क उतरतो, आग्रह तोंडाजवळ येऊन होतो. हा आजार बोलण्यातून, श्वासातून पसरतो; पुरणपोळीतून पसरल्याचं दिसलेलं नाही.

दीर-जावेला प्रेमाने ‘यंदा येऊ नका’ म्हणा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 14 दिवसही लागू शकतात, तोवर माणूस धडधाकटच दिसतो. वाईटपणा तुमच्यावर येऊ नये, म्हणून हा फोन तुमच्या नवऱ्यानेच करावा. आरती व्हिडिओ कॉलवर दाखवा.

सोळा भाज्यांसाठी बाजारात हेलपाटे नकोत. परसातलं दोडकं, भेंडी, कोहळं घ्या, उरलेल्या भाज्या शेजारणीशी वाटून घ्या. सवाष्ण एकच सांगा, तिचं पान अंगणात वाढा. सासूबाईंचं आधी, आत, दार-खिडकी उघडी ठेवून. आळीतल्यांना आपापले डबे आणू द्या. आंबील, कढी, पोळ्या ओट्यावरच भरा, दोन हात लांब उभं राहून बोला आणि रिकामे डबे हाताळल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवा.